कोबाल्ट, काच आणि काळा पाषाण : नाशिक जिल्ह्यातली एक फेरी

अणुभट्टीतून निघालेला माल शेकडो-हजारो वर्षे सांभाळायचा म्हणजे नेमके काय काय सांभाळायचे, हे पाहायला तारापूरच्या कुंपणापाशी जाऊन उपयोग नाही. आत सोडत नाहीत आणि बाहेरून भिंतीपलीकडे काही दिसत नाही. नाशिक जिल्ह्यात अणुभट्टी नाही, अणुकचऱ्याचे कोठारही नाही. पण या कामातले बहुतेक अवघड प्रश्न इथे तास-दीड तासाच्या अंतरात जमिनीवर पसरलेले आहेत: सीलबंद स्रोत, पाण्याने पोखरलेला खडक, फुगणारी माती, शतकानुशतके टिकलेली नोंद. फेरी त्या क्रमाने आखली.

गुरुवार : लासलगाव

नाशिकहून निफाड, विंचूरमार्गे साधारण ६० किलोमीटर. लिलावाच्या वेळी पोचू नये. कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग लागली की रस्ताच अडतो.

भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र इथे २००२ पासून आहे. कांद्याला साधारण ६० ते ९० ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणांचे एकक) मात्रा दिली की कोंब फुटत नाही. सड आणि वजनातली घट मात्र या मात्रेने थांबत नाही, त्यासाठी कांदाचाळ किंवा शीतगृह लागतेच. आणि मात्रा कांदा सुप्तावस्थेत असतानाच द्यावी लागते. आतला कोंब हलल्यावर दिली तर गाभा काळपट पडतो आणि व्यापारी तो माल बाजूला काढतो. आंब्याची गोष्ट वेगळी. तिथे कीड नापीक करायची असते म्हणून किमान ४०० ग्रे. अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंबा याच अटीवर स्वीकारला.

आपला विषय कांदा नाही, किरण देणारी वस्तू आहे. कोबाल्ट-६० च्या कांड्या दुहेरी स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांत वितळजोड करून बंद केलेल्या असतात. या धंद्यात त्यांना पेन्सिलीच म्हणतात. अर्धायुष्य, म्हणजे ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ, ५.२७ वर्षे; त्यामुळे ताकद दरवर्षी सुमारे १२ टक्के घटते. तेवढीच मात्रा द्यायची तर कांद्याच्या पेट्या दरवर्षी थोड्या हळू सरकवाव्या लागतात आणि अधूनमधून नव्या पेन्सिली भराव्या लागतात.

मोठ्या विकिरण केंद्रांत काम नसताना हा स्रोत बहुधा पाच-सहा मीटर खोल पाण्यात ठेवतात. पाणी दोन कामे करते: किरण अडवते आणि उष्णता नेते. तिसरे काम मात्र ते आपल्याविरुद्ध करते, ते धातू खाते. म्हणून टाकीत विहिरीचे किंवा नळाचे पाणी चालत नाही. आयनमुक्त पाणी, कमी विद्युतवाहकता आणि नगण्य क्लोराइड, हे तीन आकडे सतत पाहावे लागतात. क्लोराइड वाढले की स्टेनलेस स्टीलला सूक्ष्म खड्डे पडतात, ताणाखालच्या जोडाला तडा जातो. गळती सुरू झाली की ती सगळ्यात आधी कळते पाणी शुद्ध करणाऱ्या रेझिनच्या नळकांड्यात: गळलेला कोबाल्ट तिथे साचतो. त्या नळकांड्याजवळ किरणमापक लावलेला नसेल तर गळती कळेपर्यंत सगळी टाकी दूषित झालेली असते.

असे घडलेले आहे. १९८८ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डिकेटरला एका विकिरण केंद्राच्या टाकीत सीझियम-१३७ ची कॅप्सूल फुटली. कॅप्सूल हॅनफर्ड या अमेरिकेच्या अण्वस्त्र-कारखान्याहून आणलेल्या, आत सीझियम क्लोराइडचे मीठ. मुळात त्या कायम पाण्यात राहतील अशा हिशेबाने घडवलेल्या. इथे त्या वर काढायच्या, हवेत तापायच्या, पुन्हा पाण्यात बुडवायच्या. ही गरम-थंड आवर्तने हजारो झाली, मीठ फुगले-आकसले आणि भिंत उसवली. साठवणुकीची वस्तू वापराच्या वस्तूत बदलली की आधीची सगळी गणिते पुन्हा करावी लागतात. तिथे ती पुरेशी झाली नव्हती.

वर आलेला स्रोत खाली न जाणे हा दुसरा धोका. १९८९ मध्ये मध्य अमेरिकेतल्या सान साल्वादोरच्या एका विकिरण केंद्रात पेट्या अडकून स्रोताची, म्हणजे पेन्सिली बसवलेली, चौकट वरच अडकली. सुरक्षा-कुलुपे आधीच निकामी होती. तिघे आत शिरले, त्यातला एक काही महिन्यांनी दगावला. आता चौकटीभोवती लोखंडी आवरण घालतात, म्हणजे पेटी वाकडी झाली तरी ती चौकटीला टेकत नाही आणि वीज गेली तर चौकट स्वतःच्या वजनाने खाली उतरते.

पण सगळ्यात जास्त माणसे दगावली ती काम बंद पडल्यानंतर. दिल्लीतल्या मायापुरीत २०१० मध्ये भंगारात आलेला कोबाल्टचा स्रोत एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतला होता. उपकरण १९८५ च्या सुमारास वापरातून गेले, खोलीत पडून राहिले, ज्यांना त्यात काय आहे हे माहीत होते ते निवृत्त झाले, आणि लिलावात ते जुने लोखंड म्हणून विकले गेले. पंचवीस वर्षांत त्याची ताकद सुमारे पंचविसाव्या हिश्श्यावर आली होती. तेवढीही एकाचा जीव घ्यायला पुरली.

ब्राझीलच्या गोयानियात १९८७ मध्ये याहून वाईट झाले. बंद पडलेल्या दवाखान्यातून उचललेल्या यंत्रात सीझियम क्लोराइड होते, वजन फक्त ९३ ग्रॅम. निळसर चमकणारी भुकटी, पाण्यात विरघळणारी, हाताला चिकटणारी. लोकांनी ती घरी नेली. चौघे मेले, २४९ जणांच्या अंगाखांद्यावर ती सापडली आणि सफाईतून सुमारे ३,५०० घनमीटर कचरा निघाला. ९३ ग्रॅमचा साडेतीन हजार घनमीटर झाला तो विरघळण्यामुळे.

म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने अलीकडे जे केले ते आम्हाला मोठ्या गाजावाजाच्या कामांपेक्षा महत्त्वाचे वाटते. पुनर्प्रक्रियेनंतर, म्हणजे वापरलेल्या इंधनातून युरेनियम-प्लुटोनियम काढून घेतल्यावर, उरणाऱ्या अतितीव्र द्रावातून सीझियम वेगळे काढायचे, काचेत मुरवायचे आणि त्या काचेच्या पेन्सिली रक्तपेढ्यांच्या विकिरण यंत्रांना द्यायच्या. काच फुटली तर तुकडे होतील, ते चिमट्याने उचलता येतात. ती पाण्यात विरघळून गटारात जाणार नाही.

शुक्रवार : सिन्नर, परतताना नाशिकरोड

पुणे रस्त्याने सिन्नर ३० किलोमीटर. माळेगाव औद्योगिक वसाहतीत ‘गारगोटी’ हे खनिजांचे संग्रहालय आहे. बहुतेक मंडळी रंग पाहून, फोटो काढून अर्ध्या तासात बाहेर पडतात. जास्त वेळ द्यावा तो स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, मॉर्डेनाइट या गटापाशी. हे झिओलाइट. शेजारी मांडलेला ॲपोफिलाइट दिसायला त्यांचाच सोयरा वाटतो, पण झिओलाइट नाही.

लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. नंतर गरम, खनिजे विरघळलेले पाणी त्या खडकातून फिरले आणि पोकळ्यांत ही स्फटिके वाढली. म्हणजे कपाटातला प्रत्येक पांढरा-गुलाबी झुबका हा या बेसाल्टमधून कधीकाळी भरपूर पाणी वाहून गेल्याचा पुरावा आहे. कचरा पुरण्यासाठी खडक शोधणाऱ्याला हे वाईट लक्षण.

पण त्याच खनिजाचा दुसरा गुण उपयोगी. झिओलाइटच्या जाळीतली भोके नॅनोमीटरपेक्षा लहान असतात आणि त्यांत सोडियम, कॅल्शियमसारखे आयन सैल बसलेले असतात. सीझियमचा आयन मोठा, भोवतीचे पाणी सहज सोडणारा. तो आत शिरतो आणि सोडियमला बाहेर काढतो. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या अपघातानंतर तळघरात साचलेले पाणी याच तत्त्वावर गाळले. ब्रिटनच्या सेलाफिल्डला इंधनाच्या टाक्यांचे पाणी १९८५ पासून क्लिनॉप्टिलोलाइट या नैसर्गिक झिओलाइटमधून काढतात. फक्त सीझियमच खेचायचे असेल तर खनिज निवडून घ्यावे लागते आणि पाण्यात आधीच सोडियम-पोटॅशियम भरपूर असेल, समुद्राचे पाणी मिसळले असेल, तर क्षमता झपाट्याने घसरते.

भरलेला झिओलाइट हा पुन्हा नवा कचरा. त्यातल्या ओलाव्याचे किरणांमुळे विघटन होऊन हायड्रोजन निघतो. डबा घट्ट बंद केला तर दाब चढतो, उघडा ठेवला तर सीझियमची धूळ. थ्री माइल आयलंडच्या नळकांड्यांत म्हणून हायड्रोजन आणि ऑक्सिजन पुन्हा जोडून पाणी करणारे उत्प्रेरक घातले होते.

या कपाटापुढे उभे असताना न्यू मेक्सिकोतल्या ‘विप’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. जमिनीखाली ६५५ मीटर, मिठाच्या थरातले हे कोठार १९९९ पासून लष्करी कामातला प्लुटोनियमयुक्त कचरा घेते. १४ फेब्रुवारी २०१४ ला त्यातला एक पिंप आतून तापला, झाकण उचकटले गेले आणि प्लुटोनियम-अमेरिशियमचा थोडा अंश वायुवीजनातून वर जमिनीवर आला. कारण अगदी किरकोळ. पिंपात नायट्रेटचे क्षार होते, त्यांतला ओलावा शोषायला मांजराच्या शौचपात्रात घालतात तसला शोषक घातला होता. हवा होता खनिजाचा, झिओलाइट किंवा मातीचा. पडला तो गव्हापासून केलेला, सेंद्रिय. नायट्रेट आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र म्हणजे दारूगोळ्याचीच कृती. भर म्हणून द्राव उदासीन करायला वापरलेला पदार्थही सेंद्रिय होता. कार्यपद्धतीच्या कागदात एका शब्दाची गफलत झाली आणि कोठार जवळजवळ तीन वर्षे बंद राहिले. अडीचशे दशलक्ष वर्षे जुने मीठ जिथल्या तिथे होते. चूक भरण्याच्या टेबलावर झाली.

परतताना नाशिकरोड लागते. नोटांचा छापखाना बाहेरूनच पाहायचा. आत प्रत्येक कोरा, छापलेला आणि बाद झालेला कागद मोजला जातो आणि बेरीज जुळेपर्यंत पाळी सुटत नाही, हे नाशिककरांना सांगायला नको. प्लुटोनियमचा हिशेबही असाच व्हावा अशी अपेक्षा असते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या लेखी ८ किलो प्लुटोनियम ही एका बॉम्बला पुरेल अशी मात्रा. पण कागद मोजता येतो, द्राव मापावा लागतो. मापाला त्रुटी असते, काही ग्रॅम नळ्यांच्या वाकणात, हातमोजांच्या पेट्यांत, गाळण्यांत बसून राहतात. वर्षाअखेर ‘हिशेबात न आलेला माल’ म्हणून एक आकडा उरतोच. तो चोरीचा की मापाचा, हे ठरवण्यातच या खात्याची हयात जाते.

सेलाफिल्डच्या थॉर्प या पुनर्प्रक्रिया कारखान्यात २००५ मध्ये याच हिशेबाने गळती दाखवली. नायट्रिक आम्लात विरघळवलेल्या इंधनाचा ८३ घनमीटर द्राव, त्यात सुमारे २० टन युरेनियम आणि १६० किलो प्लुटोनियम, स्टीलचे अस्तर असलेल्या बंद कोठीत सांडून पडला होता, तोही काही महिने. तळातल्या खड्ड्याचे मापक इशारा देत होते, पण ते नेहमीच चुकते म्हणून कोणी मनावर घेतले नाही. गंमत अशी की तुटलेली नळी ज्या टाकीची, ती टाकी वजन करता यावे म्हणूनच टांगलेली होती. ती हलू नये म्हणून घालायचे अटकाव नंतरच्या आराखड्यात गळाले, टाकी झुलत राहिली, नळीला थकवा आला.

घन स्वरूपातही हा धातू गुण्यागोविंदाने राहत नाही. ऑक्साइड ९५० अंश सेल्सिअसला भाजायचा, ओलावा अर्ध्या टक्क्याखाली आणायचा, एकात एक दोन स्टेनलेस डबे वितळजोड करून बंद करायचे: अमेरिकी मानक असे सांगते आणि पन्नास वर्षांची हमी धरते. ओलावा राहिला तर हायड्रोजन. अल्फा किरणांतून हेलियम निघतो तो वेगळाच. जुन्या काळी डब्यांभोवती पीव्हीसीच्या पिशव्या असत, त्या किरणांनी कुजून क्लोराइड सोडतात. शिवाय प्लुटोनियम-२४१ चे १४ वर्षांच्या अर्धायुष्याने अमेरिशियम होत जाते, म्हणजे न हाताळता ठेवलेला डबा वीस वर्षांनी उघडणाऱ्याला जास्त मात्रा देतो. साठवणुकीत वस्तू बदलत नाही हा समज इथे टिकत नाही.

शनिवार : त्र्यंबक, ब्रह्मगिरी आणि जव्हारकडचा उतार

पावसाळा सरता सरता जावे, झरे दिसतात. ब्रह्मगिरीची उंची सुमारे १,३०० मीटर. पायऱ्या चढताना उजव्या-डाव्या हाताचा कडा नीट पाहिला तर लाव्हाचे थर मोजता येतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हे एकावर एक पसरले. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट काळा पाषाण, वरचा पोकळ्यांचा, ज्याला विहिरी खोदणारे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांमध्ये जागोजाग तांबड्या गेरूसारख्या मातीची पट्टी. पाणी निघते ते बहुतेक या सांध्यातून. घट्ट पाषाणही अखंड नसतो, थंड होताना पडलेल्या उभ्या भेगा त्यात असतात आणि पाणी त्यांतून खालच्या सांध्यापर्यंत उतरते. गोदावरीचा उगम म्हणून जे पाणी भाविक माथी लावतात ते या व्यवस्थेतूनच येते.

बेसाल्टमध्ये कोठार करायचे का, हा प्रश्न एका देशाने पैसे खर्चून तपासला आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डच्या खालीही बेसाल्टचेच थर आहेत, आपल्यापेक्षा तरुण. सत्तरच्या दशकात तिथे सुमारे एक किलोमीटर खोलीवरच्या घट्ट थरात कोठार करण्याचा अभ्यास सुरू झाला. छिद्रे घेताना वर येणारा खडकाचा गाभा सलग दंडगोल न येता पातळ चकत्यांच्या चवडीसारखा तुटून आला. अर्थ असा की खडकात आडवा दाब प्रचंड होता, बोगदा खणला की भिंती तडकून सुटणार. थरांमधले पाणी दाबाखाली होते आणि जवळच कोलंबिया नदी. १९८७ मध्ये अमेरिकी संसदेने सगळी शक्ती नेवाड्याच्या युका पर्वतावर लावायचे ठरवले आणि हा प्रकल्प बंद झाला. युकाचेही पुढे काही झाले नाही.

आमचे मत स्पष्ट आहे: सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा थर कोठाराला नालायक आहे, आणि ते कळायला छिद्र घ्यायची गरज नाही, त्र्यंबकच्या झऱ्यांनी ते सांगून ठेवलेय. किल्लारीने १९९३ मध्ये दख्खनचा पाषाण स्थिर आहे ही समजूतही मोडली. भारतात प्रत्यक्ष प्रयोग झाला तो कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे १,००० मीटर खोल, सोडून दिलेल्या भागात. विजेचे तापक ठेवून खडक किती तापतो, कसा हलतो ते काही वर्षे मोजले. खरा कचरा तिथे ठेवला नाही.

उष्णतेचा हा मुद्दा बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. फिनलंडच्या ओन्कालोत सुमारे ४३० मीटर खोल, १.९ अब्ज वर्षे जुन्या खडकात वापरलेले इंधन ठेवायचे आहे. ओतीव लोखंडाच्या गाभ्यात इंधन, बाहेर ५ सेंटिमीटर जाड तांबे, भोवती बेंटोनाइट या फुगणाऱ्या मातीच्या दाबलेल्या विटा. दोन डब्यांमध्ये किती मीटर सोडायचे हे खडकाच्या ताकदीने ठरत नाही. बेंटोनाइट १०० अंशांच्या खाली राहिला पाहिजे, यावर ठरते. म्हणून इंधन आधी काही दशके पाण्यात थंड करायचे. घाई केली तर जागा जास्त लागते.

बेंटोनाइट म्हणजे कोण, हे निफाड-सिन्नरच्या शेतकऱ्याला दाखवायची गरज नाही. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पहिल्या पावसात फुगून भेगा बुजवते, त्यामागचे खनिज याच कुळातले. कच्छचा बेंटोनाइट तर दख्खनच्याच बेसाल्टच्या कुजण्यातून झालेला. कोठारात त्याच्याकडून हीच अपेक्षा: पाणी आले की फुगावे आणि वाट बंद करावी. बिघडते ते असे: पाणी एकाच भेगेतून जोरात आले तर फुगण्याआधीच माती धुऊन नेते आणि नळीसारखी वाट पडते. पाणी फारच गोडे असेल, उदाहरणार्थ हिमयुगानंतर वितळलेले बर्फ, तर कण सुटून वाहून जातात. जास्त तापला तर फुगण्याची ताकद जाते. तांब्याला भीती सल्फाइडची, जे जिवाणू तयार करतात. स्वीडनच्या न्यायालयाने २०१८ मध्ये तांब्याच्या गंजण्याबद्दलच शंका काढल्या होत्या. तिथल्या सरकारने २०२२ मध्ये फोर्समार्कच्या कोठाराला मंजुरी दिली.

दुपारनंतर त्र्यंबकहून मोखाडा-जव्हारकडचा रस्ता धरला की पश्चिमेला सगळा उतार समुद्राकडे जातो आणि त्या दिशेला, दृष्टीच्या पलीकडे, तारापूर आहे. भारताने वापरलेले इंधन तसेच न पुरता त्यातून युरेनियम-प्लुटोनियम काढून घ्यायचे ठरवले आहे, त्यामुळे उरतो तो आम्लातला अतितीव्र द्राव. तो तुर्भे (ट्रॉम्बे), तारापूर आणि कल्पाक्कमला काचेत मुरवतात.

बोरोसिलिकेट काच, साधारण हजार अंशांची भट्टी, आणि आत आवर्तसारणीतले निम्मे घटक. सगळेच काचेला मानवत नाहीत. तुर्भ्याच्या जुन्या द्रावात सल्फेट होते. ते साध्या काचेत मुरत नाही, वर पिवळा थर होऊन तरंगते आणि तो थर सीझियम धरून ठेवतो, पाण्यात विरघळतो. म्हणजे ज्यासाठी काच केली तेच वाया. उपाय म्हणून बेरियम असलेली काच काढली, ती सल्फेट जास्त सामावते. रुथेनियम आणि सीझियम उकळून धुरात जातात, ते गाळण्यांत पकडून परत भट्टीत घालावे लागतात. पॅलेडियम-ऱ्होडियमसारखे धातू विरघळतच नाहीत, तळाशी बसतात. विजेने तापणाऱ्या सिरॅमिक भट्टीत ते तळातून प्रवाह पळवतात आणि काच मधे तापायची राहते. जपानच्या रोक्काशो कारखान्याची या एका कारणाने वर्षे गेली. ओतलेली काच घाईने थंड केली तर तडकते, पृष्ठभाग वाढतो आणि पाण्याला खायला जास्त जागा मिळते. फार रेंगाळली तर स्फटिक पडतात.

तयार डबे तारापूरच्या हवेशीर कोठडीत ठेवतात. तिथे पंखा नाही. गरम हवा धुराड्यातून वर जाते, थंड हवा खालून ओढली जाते. लासलगावच्या कांदाचाळीला तळातून वारा मिळावा म्हणून फळ्यांत जे अंतर ठेवतात त्याचीच ही भारदस्त आवृत्ती. वीज गेली तरी चालते, हा तिचा मोठा गुण. किनाऱ्यावरची खारी हवा हा दोष, कारण स्टेनलेसचा क्लोराइडशी असलेला जुना दावा इथेही लागू आहे. काही दशके अशी काढायची, उष्णता उतरू द्यायची, मग खोल खडक. तो खडक अजून ठरलेला नाही, आणि माल थोडा आहे तोवर ठरवायची घाई नाही असे अधिकृत म्हणणे. म्हणण्यात तथ्य आहे. फक्त तात्पुरत्या कोठडीचे वय त्या घाई-नसण्याबरोबर वाढत जाते.

कमी तीव्रतेच्या कचऱ्याची गोष्ट सोपी. जमिनीलगतचे काँक्रीटचे खंदक, त्याहून तीव्र मालाला सुमारे चार मीटर खोल, पोलादाचे अस्तर दिलेली गोल विवरे. पहारा ३०० वर्षे धरतात, कारण सीझियम-१३७ ची ती दहा अर्धायुष्ये. हजारावा हिस्सा उरतो. प्लुटोनियम-२३९ ला हा हिशेब लावला तर दोन लाख चाळीस हजार वर्षे होतात.

रविवार : पांडवलेणी

मुंबई रस्त्यावर, शहरापासून आठेक किलोमीटर. रविवारी गर्दी असते, सकाळी लवकर चढावे. पुरातत्त्व खात्याचे तिकीट आहे.

त्रिरश्मी डोंगरातली ही २४ लेणी कालच्याच पाषाणात खोदलेली. दोन हजार वर्षांत काय टिकले आणि काय गेले, ते शांतपणे पाहावे. ओसरीच्या आत, पावसापासून आडोशाला असलेली अक्षरे धारदार आहेत. उघड्यावरचे दगडकाम झिजले. पाण्याच्या पोढ्या अजून पाणी धरतात.

दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. वर्षावासातल्या भिक्षूंसाठी त्याने ३,००० कार्षापणांचा (त्या काळची नाणी) अक्षयनिधी ठेवला. रक्कम गोवर्धनच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे: २,००० एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या रकमेचे व्याज महिन्याला २०, वर्षाला २४०; वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. हिशेब चोख. दुसऱ्या श्रेणीला दर कमी का, हे कळत नाही, पण पैसे दोघांत विभागले होते. हा व्यवहार निगमसभेत (नगरसभेत) वाचून दाखवला, फलकावर नोंदवला आणि दगडावरही कोरला.

अणुकचऱ्याच्या निधीची रचना याहून फार वेगळी नाही. भारतात अणुविजेच्या प्रत्येक युनिटमागे २ पैसे भट्टी मोडण्यासाठी बाजूला पडतात. अमेरिकेत युनिटमागे सेंटचा दहावा भाग कोठारासाठी घेत. कोठारच होत नाही म्हटल्यावर न्यायालयाच्या आदेशानंतर २०१४ मध्ये ती वसुली थांबली. उषवदाताच्या श्रेणी कधी संपल्या, मुद्दल कुठे गेले, कोणाला ठाऊक नाही. निधी ठेवणारी संस्था निधीच्या कामाइतकी जगेल असे धरून चालणे, हा त्या काळचा आणि या काळचाही सगळ्यात कच्चा दुवा.

फलक गेले, दगड उरला, पण त्यानेही भागले नाही. अक्षरे शाबूत असताना ब्राह्मी वाचणारे संपले. लेणी पांडवांनी खोदली अशी समजूत रुजली आणि १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने लिपी उलगडेपर्यंत या मजकुराला अर्थ उरला नव्हता. ‘विप’साठी दहा हजार वर्षांच्या खुणांचा आराखडा करताना मजकूर संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत आणि नावाहोत कोरायचा विचार झाला, चित्रेही सुचवली गेली. आमचा त्यावर फार विश्वास नाही. मोठा कोरीव दगड माणसाला दूर ठेवत नाही, खणायला बोलावतो. फिनलंडची रचना खुणेवर विसंबतच नाही. कोणाला काही आठवत नसले तरी डबा सुरक्षित राहिला पाहिजे, असे तिथले गृहीतक आहे.

तीनशे वर्षांच्या पल्ल्यासाठी मात्र नोंद ठेवणे शक्य आणि आवश्यक आहे. फ्रान्सने १९९४ मध्ये भरून बंद केलेल्या मांश या कचरा-साठवण केंद्राची सविस्तर कागदपत्रे टिकाऊ कागदावर छापून दोन ठिकाणी ठेवली: एक संच जागेवर, दुसरा राष्ट्रीय अभिलेखागारात. छोटा सारांश आसपासच्या लोकांच्या हाती राहील असा वेगळा काढला. आपल्याकडे अशा जागेची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढवावी असे आम्हाला वाटते, कारण जमीन विकत घेणारा माणूस तलाठ्याकडे जातो, अभिलेखागारात जात नाही.

नोंदीत काय असावे? विवराचे अक्षांश-रेखांश आणि खोली, कोणते समस्थानिक किती बेकरेल (किरणोत्सर्गाचे एकक), डब्याचा धातू आणि जोडाची पद्धत, भरताना काय शोषक वापरले ते ब्रँडच्या नावाशिवाय रासायनिक नावाने, भूजलाची पातळी पावसाळ्याआधीची आणि नंतरची. आणि मोजणीची तारीख, कारण किरणोत्सर्गाचा आकडा त्या एका दिवसापुरताच खरा असतो; तारीख नसेल तर पुढच्याला तो उतरवून काढता येत नाही. तारखेबरोबर कालगणनाही लिहावी. उषवदाताने आपल्या लेखात ४२ वे वर्ष आणि वैशाख महिना कोरला, पण हे वर्ष कोणत्या गणनेचे ते लिहिले नाही. ते शकाचे की नहपानाच्या राज्यारोहणापासूनचे, यावर अभ्यासकांचे एकमत सहजी झाले नाही.